चातुर्मासातला लसूण

आमच्या घरी गिनीपिग आले तेव्हा ते गिनीपिग आहेत हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आम्ही त्यांना विलायती ससे म्हणत होतो, आणि चांगले तीन महिने ते ससेच होते. कान चिमुकले, शेपटाचा पत्ता नाही, पाय इतके आखूड की पोट जमिनीला घासायचे, तरीही ससे. हे नाव शेजारच्या सलोत्री साहेबांनी दिलेले, आणि जनावरांच्या बाबतीत सलोत्री साहेब म्हणतील ते आमच्या वस्तीत प्रमाण होते. माझा नातू आता इथल्याच मेडिकल कॉलेजात शिकतो. तिथे पिंजऱ्यात हे प्राणी आहेत, "आजी, चल, दाखवतो," असे तो मला दोनदा म्हणाला. मी गेले नाही. माझे गिनीपिग मी माझ्यापाशी नीट सांभाळून ठेवले आहेत, ते पिंजऱ्यात बघायची मला हौस नाही.

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. निजामाचे राज्य होते आणि गावाबाहेर घोडदळाचा तळ होता. त्याला सगळे रिसाला म्हणायचे. रिसाल्याच्या कुसाला लागून आमचा मळा. वांगी, मेथी, मिरच्या असे थोडे थोडे सगळे होते, पण खरे पीक लसूणघासाचे. घोड्यांना तो हिरवा चारा फार आवडतो. एकदा पेरला की कापत राहायचे, कापला की पाणी द्यायचे, पुन्हा तो वर येतो. झुंजूमुंजू झाले की बापू मोट धरायचे आणि माय विळा घेऊन रानात बसायची. मोटेच्या चाकाची कुरकुर, पन्हाळीत पाणी पडल्याचा आवाज आणि त्यामधून मायच्या विळ्याची एकसारखी खसखस, ह्याच आवाजांवर माझी झोप उघडायची. उन्हे वर यायच्या आत पेंढ्या बांधून रिसाल्यात पोचवाव्या लागत. मग आम्ही अंगणात बसून ज्वारीची ताजी भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा खायचो. त्या भाकरीची चव मला पुढे कुठल्याही घरात मिळाली नाही, आणि मी चार घरे बघितली आहेत.

माय चातुर्मास पाळायची. कांदा-लसूण चार महिने बंद, हे तर पुष्कळ घरी असते. मायचे त्याहून पुढचे होते. लसणाचे नावसुद्धा ती तोंडाने घ्यायची नाही. ठेच्यात लसूण घालू का, असे कुणी चुकून विचारले तर ती कानाला हात लावून "त्ये नगं" एवढेच म्हणायची. आता मळा सगळा लसूणघासाचा. पण आषाढी एकादशी झाली की तो मायच्या तोंडी नुसता घास व्हायचा. बापूंना चेष्टा केल्यावाचून राहवत नसे. "आज कोणता घास कापायचाय म्हन्लीस?" ते मुद्दाम विचारायचे. "हिरवा," माय म्हणायची. "हिरवा तर समदाच असतो की." मग माय विळा घेऊन सरळ चालू लागायची आणि बापू आमच्याकडे बघून डोळे मिचकवायचे.

आमच्या अंगणाची एक भिंत सलोत्री साहेबांच्या घराशी सामाईक होती. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. रिसाल्यातल्या घोड्यांचे खूर, दात, पोटदुखी सगळे तेच बघायचे. उंच, हाडापेराने रुंद, मेंदीने रंगवलेली दाढी, आणि आवाज इतका मऊ की बुजरा घोडासुद्धा त्यांच्यापुढे मान खाली घाली. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणायचो. चाची पडद्यात राहायच्या, घराबाहेर क्वचित निघत. मायसुद्धा परक्या पुरुषापुढे बोलायची नाही. त्यामुळे दोघींचा सगळा संसार त्या भिंतीतल्या एका खिडकीवर चालायचा. खिडकी लाकडी, एका फळीची, कडी चाचींच्या बाजूला. मी लहान म्हणून मला तिच्यातून पलीकडे उतरायची मुभा होती. चाचींना मूल नव्हते. दुपारी त्या मला पुढ्यात घेऊन केस विंचरायच्या, बदामाचे तेल लावायच्या, आणि त्यांच्या दखनी बोलीत मला रागवायच्या, "गोदी, तेरे बालां में क्या घास उगाती क्या गे?"

ह्या दोन घरांची एक रीत होती, ती सांगायला हवी, कारण पुढे सगळे त्या रीतीवर आले. ईद आली की चाची आम्हाला शीरखुर्मा शिजवून पाठवत नसत. शेवया, साखर, खारका, चारोळी आणि तांब्याभर कच्चे दूध, असे सगळे वेगवेगळे बांधून खिडकीतून द्यायच्या. माय ते आपल्या चुलीवर आपल्या भांड्यात शिजवायची. आमचे सोवळे मोडू नये म्हणून चाची इतक्या जपायच्या, की दूधसुद्धा आमच्याच तांब्यात द्यायच्या. तो तांब्या माय आदल्या दिवशी खिडकीत ठेवायची. कुणी कुणाला समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही. दोघींना कळत होते, एवढे खरे.

चैत्रात रिसाल्यातला एक गोरा साहेब बदलून विलायतेला निघाला. त्याच्या मडमेच्या घोड्याचा पाय चाचांनी वाचवला होता. जाताना तिने आपली आवडती जनावरे त्यांच्या हवाली केली. चाचांनी ती पेटी उचलून थेट आमच्या अंगणात आणली. "सखारामभाऊ," ते बापूंना म्हणाले, "ह्यांना रोज हिरवा घास लागतो. माझ्याकडं घोडे हैत, घास तुमच्याकडं हाय. तवा हे तुमच्याकडंच राहू द्या." पेटीत भुसा होता आणि भुशात दोन गोळे. एक पांढरा आणि तांबूस, दुसरा काळा, कपाळावर पांढरा टिळा. ते हलेनात. मी आत बोट घातले तेव्हा पांढऱ्याच्या नाकपुड्या थरथरल्या. "हे काय हाय चाचा?" मी विचारले. चाचा जरा थांबले. त्यांचे ते थांबणे मला अजून आठवते. मग म्हणाले, "विलायती ससे."

पहिले दोन दिवस ते भुशातून बाहेर येईनात आणि मी पेटीपासून हलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी माय रानातून आली आणि तिने घासाची पेंढी अंगणात टाकली. पेंढीचा सळसळ आवाज झाला आणि पेटीतून एकदम शीळ ऐकू आली. कुईऽऽ कुईऽऽ, मोठी, तीक्ष्ण, ह्या एवढ्याशा जिवातून निघाली असेल असे वाटू नये अशी. माय दचकलीच. "आगं बया, कोन शिट्टी मारतंय?" मी चार काड्या आत धरल्या तर दोघांनी दोन टोकांनी धरून कुरुकुरु खाल्ल्या, आणि खाता खाता तोंडाला तोंड भिडले. त्या दिवसापासून घर बदलले. पेंढीची सळसळ झाली की शीळ. मायच्या जोडव्यांचा आवाज आला की शीळ. इतकेच काय, विळ्याला धार लावताना दगड घासला तरी शीळ. बापू म्हणायचे, "आमच्या येन्यानं कुनाला इतका आनंद झाल्याचं आजवर पाहिलं न्हाई. सासुरवाडीत बी न्हाई." माय खोटे रागवायची आणि सगळ्यांत कोवळे शेंडे बाजूला काढून ठेवायची. जनावर पाळायचे ते दुधासाठी, ओझ्यासाठी नाही तर राखणीसाठी, हे आम्हाला माहीत होते. नुसते जवळ असावे म्हणून जनावर असते, हे मला त्या दोघांनी शिकवले. त्याबद्दल मी त्या मडमेची आभारी आहे. तिचे नावही मला ठाऊक नाही.

पण सगळ्यांत जास्त लळा लावला तो चाचींना. मी एकाला ओटीत घालून खिडकीतून पलीकडे नेई. पांढऱ्याचे नाव त्यांनी मोती ठेवले आणि काळीचे बेगम. मोती त्यांच्या मांडीवर चढला की डोळे अर्धे मिटून आतल्या आत घुरघुरायचा. दळण निवडताना मांडीवर मोती, कशिदा काढताना मांडीवर मोती, आणि एकदा तर दुपारचा नमाज झाल्यावर जानमाज गुंडाळायच्या आधी तो त्यावर जाऊन बसला तर चाचींनी त्याला उठवलेसुद्धा नाही. बेगमचे पोट वाढते आहे हे पहिल्यांदा त्यांनीच ओळखले. "अगे गोदी, ये पेट से है," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला काही कळत नव्हते तरी मी हसले. त्या दिवसापासून त्या रोज विचारायच्या, आज तिने काय खाल्ले, किती खाल्ले. आपल्या हाताने कापसाची एक गादी शिवली, हातभर लांबीची, बाळंतपणासाठी.

आषाढात पावसाला सुरुवात झाली म्हणून बापूंनी पेटी अंगणातून उचलून पडवीत आणली. इतके दिवस पेटीची एक बाजू भिंतीकडे होती. ती आता आमच्याकडे झाली. तिच्यावर काळ्या रंगाने मोठी इंग्रजी अक्षरे लिहिलेली. माझा थोरला भाऊ राघू सरकारी शाळेत जायचा. शिकवणे सगळे उर्दूत, पण त्या वर्षी त्यांना इंग्रजीचे पहिले पुस्तक लागले होते, आणि राघूची ऐट काय विचारता! भिंतीवर, पाटीवर, पिठाच्या डब्यावर तो इंग्रजी अक्षरे गिरवत सुटला होता. त्याने पेटीसमोर उकिडवे बसून वाचायला घेतले. पहिला शब्द लांब होता, तो त्याने "गुइ... गुइनिआ..." करून सोडून दिला. दुसरा तीनच अक्षरांचा. "पी, आय, जी. पिग!" तो ओरडला. "ह्यो आमच्या पुस्तकात हाय!" ह्या शब्दाची एक गंमत होती. पुस्तक मुंबईकडून आलेले, प्रत्येक शब्दाला चित्र. उस्तादांनी मुलांच्या घरचा विचार करून ह्या एका चित्रावर कागदाची चकती चिकटवली होती. आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी ती नखाने उचलून खाली काय आहे ते पाहून ठेवले होते.

"काय हाय रं चित्र?" मी विचारले. राघूने इकडेतिकडे पाहिले आणि हसू दाबत म्हणाला, "डुक्कर."

इथे मी थांबते, कारण पुढचे मी केले. दुसऱ्या कुणी नाही. मला त्या शब्दाचे काहीच वाटले नाही. मला वाटले ते एवढेच, की माझ्या भावाला इंग्रजी वाचता आले. रिसाल्याच्या साहेबाच्या पेटीवरचे, खरे इंग्रजी! ही बातमी पहिल्यांदा मला चाचींना सांगायची होती, कारण माझे कौतुक त्याच करायच्या. मी खिडकीतून पलीकडे उडी टाकली. चाची ओसरीवर बसलेल्या, मांडीवर मोती. शेजारच्या दोन बाया कुर्त्याचे कापड दाखवायला आलेल्या. मी धापा टाकत म्हणाले, "चाची, राघूदादाला इंग्रजी येतं! त्यानं पेटीवरचं वाचलं! ह्यांचं खरं नाव ससा न्हाईच, डुक्कर हाय!"

त्या दोन बाया एकमेकींकडे बघत उठून गेल्या. चाची हलल्या नाहीत. मला आजही चाचींचा खरा मोठेपणा कशात वाटतो सांगू? त्यांनी मोतीला झटकले नाही. दोन्ही हातांनी उचलून, जसा रोज ठेवायच्या तसाच हळू जमिनीवर ठेवला, मला म्हणाल्या, "ले जा इसकू, बेटा." मी गेले. माझ्यामागे खिडकीची फळी लागली आणि कडी वाजली. मग पलीकडे पाण्याचा आवाज सुरू झाला. रहाट फिरायचा, बादली वर यायची, पाणी ओतले जायचे, पुन्हा रहाट. ओसरी धुतली जात होती, कपडे धुतले जात होते, जानमाज धुतली जात होती. उन्हे कलेपर्यंत तो आवाज थांबला नाही. भिंतीच्या अलीकडे मी मोतीला धरून बसले होते आणि तो माझ्या हातात नेहमीसारखा घुरघुरत होता.

संध्याकाळी चाचा पुढच्या दारातून आले, एरवी ते थेट अंगणात यायचे. ते पुढच्या दारातून आले ह्यावरूनच बापूंना काहीतरी बिघडल्याचे कळले. "सखारामभाऊ, चूक माझी हाय," ते म्हणाले. "मडमनं नाव सांगितलं तवाच मला ठाऊक होतं. मी नाव बदललं. म्हन्लं, दोन्ही घरांत नांदायचं तर ससा बरा." मग त्यांनी मोतीला उचलून पंजा बापूंपुढे धरला. "हे बघा. ह्याला खूर न्हाई, बोटं हैत. दात उंदरावानी. घास खातो, घाण खात न्हाई. त्या जनावराचा नि ह्याचा काई एक संबंध न्हाई. मी तीस वर्सं जनावरं बघतो. पर घरात म्हनतात, तुमाला ठाऊक होतं तर मला काऊन सांगितलं न्हाई? आता ह्याला माझ्याकडं जबाब न्हाई." एवढा मोठा माणूस, पण त्या दिवशी मान खाली घालून गेला. गोऱ्या साहेबाच्या बिथरलेल्या घोड्यापुढे तो कधी मागे सरला नव्हता.

चाचा गेल्यावर माय पडवीत आली. ती रागावली नाही, मला मारलेही नाही. मारले असते तर बरे झाले असते. ती म्हणाली, "मंगळवारी मामाची गाडी येतीया. दोगांना केजला मामाकडं देऊन टाकू." मी रडायला लागले. बापूही म्हणाले, "आगं, सलोत्री साब सोता सांगून गेले की, त्ये डुक्कर न्हाई म्हनून." त्यावर माय जे बोलली ते मी शब्दाने शब्द सांगू शकते. "त्ये काय हाय त्ये मला बी दिसतंय. पर त्या बीबीनं इतकी वर्सं आपलं सोवळं आपल्यापरीस जास्ती जपलं. शिजवलेली शेवई कवा उंबऱ्यात आनली न्हाई. आन आपन तिच्या मांडीवर, तिच्या नमाजाच्या बैठकीवर, काय नेऊन ठिवलं? न कळत का हुईना, पर ठिवलं. तिच्या मनाला लागलं, झालं. ती खिडकी हाय म्हनून मला ह्या घरात शेजार हाय. ह्या घरात आल्यापासनं ती खिडकी कवा बंद झाली नव्हती." आणि तिने पदर डोळ्यांना लावला. माय रडलेली मी तोवर पाहिली नव्हती. तेव्हा मला कळले की माझे दोन ससे जाणार एवढेच नाही. मी मायची मैत्रीण घालवली होती.

मंगळवारला पाच दिवस होते. ते पाच दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. राघूने पुस्तक फडताळावर टाकून दिले. सकाळी पेंढी पडली की शीळ व्हायची, आणि आता ती शीळ नकोशी वाटायची, कारण ती भिंतीपलीकडे जात असणार. बेगमचे पोट एवढे मोठे झाले होते की ती बसली की पसरायची. केजच्या गाडीत, खडकाळ वाटेने, ती कशी जाईल? हे विचारायला चाचीच हव्या होत्या. मी खिडकीपाशी जाऊन फळीला कान लावी. पलीकडे कुणी उभे आहे असे मला दोनतीनदा वाटले, पण कडी काही वाजली नाही.

सोमवारी दुपारी माय खिडकीखालीच घास निवडत बसली होती. उद्या जाताना बरोबर द्यायला म्हणून ती कोवळ्या शेंड्यांची एक वेगळी जुडी बांधत होती. मी शेजारी टोपली घेऊन, टोपलीत दोघे. अचानक वर कडी वाजली. फळी चार बोटे उघडली. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज आला.

"भाबी."

मायचा हात जागीच थांबला. "काय वो बीबी?"

"वो क्या निवडते तुमे?"

"घास."

"घास तो मेरेकू भी दिखरा. पूरा नाव क्या उसका?"

मी सांगायला तोंड उघडले तर तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. मग हळू म्हणाली, "बीबी, तुमाला ठाऊक हाय. चातुर्मास लागलाय. मी त्याचं नाव घेत न्हाई."

"नाव नै लेते. मंग हात कैसा लगाते? सुबू से शाम तक तुमारे हात उसीच में रहते. उन्ही हातां से देव की पूजा करते."

मला वाटले, चाची भांडायला आल्या. मायलाही तसेच वाटले असावे. ती जरा तडकून म्हणाली, "आता हिच्यात त्ये कुठं हाय, बीबी? वास न्हाई, चव न्हाई, कांडी न्हाई. हिरवं गवत हाय. कुना येड्यानं तसं नाव ठिवलं म्हनून काय त्ये त्ये झालं व्हय? नुसतं नाव हाय त्ये!"

मायने बोललेले शब्द तिचे तिलाच ऐकू आले असावेत. तिने मान वर केली. फळी आणखी उघडली आणि चाचींचा चेहरा दिसला. डोळे सुजलेले, ओठ हसू दाबून घट्ट मिटलेले.

"हौ ना भाबी," चाची म्हणाल्या. "तो मंग मेरे मोती में भी *वो* कां है? नाव-च है ना?"

मायने पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून असे हसू फुटले की टोपलीतल्या दोघांनी घाबरून शीळ घातली. ती शीळ ऐकली मात्र, चाचींनी खिडकीतून दोन्ही हात खाली सोडले. "दे गे गोदी. पाच दिन हुए मेरेकू देखके." मी मोतीला त्या हातांवर ठेवले.

पुष्कळ वर्षे मला वाटायचे की चाचींना ते तिथल्या तिथे सुचले. रिसाला मोमिनाबादेतून हलला तेव्हा मी लग्नाच्या वयाची झाले होते. सामान गाड्यांवर चढत असताना चाचांनी मला खरे सांगितले. त्या पाच दिवसांत चाचींनी त्यांना दहादा विचारले होते, घोडे कोणता घास खातात, त्याला लसूणघास का म्हणतात, त्यात लसूण असतो का. पहिल्या दोन दिवसांतच चाचींना आपले उत्तर मिळाले होते. पण आपण होऊन खिडकी उघडून "मी मान्य केले" म्हणावे, तर भाबीच्या मनात राहील की शेजारासाठी बीबीने आपला धर्म गिळला. म्हणून हे मायच्याच तोंडून निघायला हवे होते. ते कसे काढावे, ह्यात उरलेले तीन दिवस गेले. म्हणजे फळीपलीकडे कुणी उभे असल्याचा मला भास झाला, तो भास नव्हता. ह्या वयात मी पुष्कळ शहाणी माणसे पाहिली, त्यांतली काही सभेत बोलणारी होती. चाचींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्याइतके दुसऱ्याचे मन राखून आपले म्हणणे मांडणारे मला पुन्हा कुणी भेटले नाही.

मंगळवारी मामाची गाडी वांगी आणि मेथी घेऊन केजला परत गेली. त्यानंतर आठवड्याच्या आत बेगम व्याली. चाचांना बोलावणे गेले, आणि घोडींची बाळंतपणे करणारा तो माणूस पडवीत पालथा पडून पेटीत डोकावत होता, हे मी विसरणार नाही. त्यांना करायला काही उरलेच नव्हते. तीन पिल्ले झाली. अंगावर पूर्ण केस, डोळे टक्क उघडे, आणि दिवस मावळायच्या आत त्यांतल्या एकाने घासाची काडी तोंडात धरली. "देखा?" चाचा खिडकीकडे तोंड करून ओरडले. "पैदा होतेच घास!" चाचींची गादी आत अंथरली होती. मी तिन्ही पिल्ले एकेक करून खिडकीत नेली आणि चाचींनी ती ओंजळीत घेतली. सगळ्यांत लहान होते ते पांढरेशुभ्र, मुठीत मावेल एवढे.

"इसका नाव तुमे रखो, भाबी," चाची म्हणाल्या.

माय खिडकीपाशी उभी होती. देवपूजा करून आलेली, कपाळावर कुंकू ओले. तिने त्या पिल्लाकडे पाहिले, चाचींच्या ओंजळीकडे पाहिले. आषाढ सरून श्रावण लागला होता. कार्तिकी एकादशीला अजून पुष्कळ अवकाश होता. बापू पडवीत उभे होते, राघू होता, आम्ही सगळे ऐकत होतो.

"लसूण," माय म्हणाली.

बापूंनी आ वासला. चाचींनी नुसता मायचा हात धरला. त्या चातुर्मासात मायने लसणाची पाकळी तोंडात घातली नाही, पुढच्या कुठल्या चातुर्मासातही घातली नाही. पण त्या वर्षी श्रावणापासून कार्तिकीपर्यंत रोज सकाळी, पूजा आटोपली की, कोवळ्या शेंड्यांची जुडी घेऊन ती खिडकीशी यायची आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायची, "लसूण! ए लसण्या, कुठं हायेस रं?" आणि पलीकडून, शिळेच्याही आधी, चाचींचा आवाज यायचा, "हौ भाबी, मेरे गोद में है तुमारा लसून."